वडिलांचा हटत नसलेला ताप आणि गाभडलेल्या गाई: गाई विकण्याआधी काय करायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लगेच लक्षात येईल. तुम्ही पुण्यात नोकरीला, आईवडील जुन्नर तालुक्यात गावी. घरी तीन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आणि एक लहान कालवड. त्यातली एक गाय गेल्या वर्षी बाजारातून आणलेली. पावसाळ्यानंतर लागोपाठ दोन गाई सातव्या-आठव्या महिन्यात गाभडल्या, म्हणजे त्यांचा गर्भपात झाला. दुसरीची वार (वासरामागून पडणारी झिल्ली) अडकली होती, ती वडिलांनी हाताने काढली. त्यानंतर महिन्याभरात वडिलांना संध्याकाळचा ताप सुरू झाला. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, कंबर धरलेली, अन्नावरची वासना गेलेली. विडाल तपासणीवरून टायफॉइड धरून दोनदा औषधं झाली, ताप उतरला आणि परत आला. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी स्वच्छ आहे. गावात कुणीतरी ‘गाईंचा आजार लागला’ म्हटल्यापासून वडील गाई विकायला निघालेत. आणि तुमची पत्नी गरोदर आहे, डोहाळजेवण गावी करायचं ठरलंय.

तीन प्रश्नांची तीन उत्तरं आधी देते, कारणं मागाहून. गाईंमुळे असा ताप येऊ शकतो का? हो, येऊ शकतो. गाई विकाव्यात का? तपासणीचा निकाल हातात येईपर्यंत एकही विकू नका. गावी जावं का? पत्नीला सध्या नेऊ नका, डोहाळजेवण पुण्यात करा आणि आईंना इकडे बोलवा.

मी पशुवैद्यक आहे आणि माझी बरीचशी नोकरी पुणे जिल्ह्यात जनावरांचे रोग शोधण्यात गेली. माणसाचं निदान करणं आणि औषध लिहून देणं हे माझं काम नाही, ते वडिलांच्या डॉक्टरांनीच करायचं. पण तुमच्या पत्रातली खरी अडचण मला ओळखीची आहे. वडिलांना तपासणाऱ्या डॉक्टरांना गोठा दिसलेला नाही, आणि गाई तपासायला जो कुणी आला असेल त्याने घरात कुणाला ताप आहे का हे विचारलेलं नाही. दोघांच्या हातात अर्धी अर्धी हकीगत आहे. ती जोडण्याचं काम सध्या फक्त तुम्हीच करू शकता, कारण दोन्ही बाजू तुम्हालाच माहीत आहेत.

तुम्ही लिहिलेल्या क्रमावरून मनात पहिल्यांदा येतो तो ब्रुसेलोसिस, म्हणजे ब्रुसेला या जंतूचा आजार. गाईंच्या बाबतीत याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाय शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते, वार अडकते, आणि त्या वासरात, वारेत, पाण्यात आणि नंतर कित्येक दिवस अंगावरून जाणाऱ्या स्रावात जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला खरचटलेलं असलं, शिंतोडा डोळ्यात गेला, किंवा बंद गोठ्यात श्वासावाटे गेलं तरी माणसाला लागण होते. दुसरी वाट कच्च्या दुधाची. माणसात लक्षणं बहुधा एक ते चार आठवड्यांत दिसतात, कधी काही महिने लागतात. चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर, थकवा, पुरुषांमध्ये कधी अंडकोषाला सूज. माणसाकडून माणसाला हा आजार सहसा लागत नाही, त्यामुळे वडिलांची भांडीकुंडी, अंथरूण वेगळं काढायची गरज नाही. घरात कुणी तसं सुरू केलं असेल तर थांबवा. आजारी माणसाला त्याचा उगाच त्रास होतो.

हा आजार शोधला कसा गेला, त्यातला एक भाग सांगते, कारण आम्ही आजही त्याच रीतीने विचार करतो. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिकांना असाच महिनोन्‌महिने ताप यायचा. १८८७ साली डेव्हिड ब्रूसने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून जंतू शोधून काढला. जंतू सापडला, पण तो येतो कुठून हे पुढची अठरा वर्षं कळलं नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरने तिथल्या शेळ्यांचं रक्त तपासलं आणि अनेक शेळ्यांत संसर्ग निघाला. त्या शेळ्या दिसायला धडधाकट होत्या. दारोदार नेऊन त्यांचं दूध काढून दिलं जायचं. १९०६ मध्ये सैन्यात शेळीचं दूध बंद केलं आणि सैनिकांमधले रुग्ण झपाट्याने कमी झाले. तुमच्या गोठ्याला यातून घ्यायचं ते एवढंच की धडधाकट दिसणारं जनावर यादीतून वगळायचं नाही. तुम्ही लिहिलंय, ‘तिसरी गाय चांगली आहे, ती तरी ठेवता येईल ना?’ मला तर तिच्याबद्दलच सर्वांत आधी विचारायचंय: बाजारातून आणलेली ती हीच का? कारण संसर्ग झालेली गाय बहुतेकदा एकदाच गाभडते. पुढच्या खेपेला ती पूर्ण दिवसांची व्याली की घरच्यांना वाटतं आजार गेला. तो गेलेला नसतो. ती विताना आणि दुधातून जंतू टाकत राहते, आणि गोठ्यातल्या दुसऱ्या गाई गाभडायला लागतात. आधीच्या मालकाकडे ही गाय गाभडली होती का, हे बाजारात कुणी सांगत नाही.

पुण्यात प्राण्यांपासून माणसाला होणारे आजार म्हटलं की लोकांना पाषाणची राष्ट्रीय विषाणू संस्थेची प्रयोगशाळा आठवते. त्या संस्थेचं काम मोठंच आहे. १९५२ साली ती इथे सुरू झाली, आणि १९५७ मध्ये शिमोग्याकडे माकडं मरायला लागली तेव्हा इथल्याच लोकांनी जाऊन क्यासनूर जंगल तापाचा विषाणू शोधला. पण त्यामुळे एक समज पक्का बसलाय की असे आजार जंगलातून, वटवाघळांतून, कुठून तरी लांबून येतात. आपल्या गोठ्यातून, रोजच्या धारेतून येणारे आजार बातमीत येत नाहीत आणि म्हणून डॉक्टरांच्या मनातही चटकन येत नाहीत. तुमच्या वडिलांच्या आजाराचा माग काढायचा तर तो गोठ्यातूनच काढावा लागेल.

आता तो कसा काढायचा. असं काम हातात आलं की मी तीन गोष्टी एकाखाली एक लिहिते: काय झालं, कधी झालं, आणि कुणाचा हात कशाला लागला. तुमच्याकडे पहिल्या दोन जवळजवळ आहेत. तिसरी पूर्ण करा. गाय गाभडली तेव्हा गोठ्यात कोण कोण होतं? वासरू कुणी उचललं, कुठे टाकलं? वार पुरली, उकिरड्यावर टाकली की कुत्र्यांनी नेली? गोठा कुणी धुतला? आई धार काढतात असं तुम्ही लिहिलंय आणि त्यांना काही त्रास नाही. ही फार उपयोगाची गोष्ट आहे. घरात सगळे तापवलेलंच दूध घेत असतील, रोज धार काढणाऱ्या आई ठणठणीत असतील आणि वार काढणारे वडील तेवढे आजारी असतील, तर संशय दुधापेक्षा त्या वारेकडे जास्त जातो. उलट घरातला एखादा लहान मुलगाही कुरकुरत असेल, तर दुधाचा विचार पुढे येतो.

दुधाबद्दल विचारताना एक सांभाळा. ‘आपल्याकडे कच्चं दूध पितात का?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’ असंच येतं, कारण विचारण्यातच चूक काढल्यासारखं वाटतं. मी विचारते, ‘सकाळी धार काढताना गोठ्यात कोण कोण असतं?’ मग हळूहळू निघतं. पुरुषमाणसं म्हणतात आम्ही चहाशिवाय दूध घेतच नाही, आणि चुलीजवळ बसलेली आजी सांगते की नातवाला रोज पेलाभर धारोष्ण दूध देते, ताकद येते म्हणून. तुम्हीही असंच विचारा, आणि आईला एकटीला विचारा.

हे सगळं एका कागदावर तारखांसह लिहा आणि वडिलांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. फोनवर सांगू नका, समोर बसून सांगा. शब्द साधे ठेवा: घरी गाई आहेत, दोन गाई अमुक तारखांना शेवटच्या महिन्यांत गाभडल्या, दुसरीची वार वडिलांनी उघड्या हाताने काढली, ताप अमुक तारखेला सुरू झाला, ब्रुसेलाची तपासणी करता येईल का? कुणी चांगला डॉक्टर याने दुखावत नाही. जुन्नर-नारायणगावला सोय नसेल तर पुण्यात एखाद्या फिजिशियनला किंवा संसर्गजन्य आजारांच्या तज्ज्ञाला दाखवा. तुम्ही इथेच असल्याने ते अवघड जाऊ नये.

तपासणीबद्दल मला माहीत आहे तेवढं सांगते. रोझ बेंगॉल नावाची झटपट चाचणी असते, ती संशय पक्का करायला चांगली, पण एकट्या तिच्यावर निदान ठरवत नाहीत. तिच्यासोबत ट्यूब अॅग्लुटिनेशन किंवा एलायझा या रक्ताच्या आणखी चाचण्या करतात. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं, करायचं असेल तर नवीन प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्त द्यावं, आणि प्रयोगशाळेला ‘ब्रुसेलाचा संशय आहे’ हे नमुन्याबरोबर लेखी कळवावं. याला दोन कारणं आहेत. हा जंतू सावकाश वाढतो, त्यामुळे कल्चर लवकर टाकून दिलं तर हुकतो. आणि तो प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाच लागतो. आधी कळवलं तर ते बेताने हाताळतात. रक्त तपासणाऱ्या मुलामुलींचा जीवही त्यात आहे.

विडालबद्दल दोन वाक्यं. आपल्याकडे ती तपासणी फार सहज केली जाते आणि टायफॉइड नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आधी झालेल्या उपचारांवर मी बोट ठेवत नाहीये. खेड्यात ताप आला की टायफॉइड आधी धरला जाणं समजण्यासारखं आहे. पण दोनदा औषध होऊन ताप परत आल्यावर तेच निदान तिसऱ्यांदा धरू नये.

कंबरदुखी हलक्यात घेऊ नका. ब्रुसेला मणक्यात बसतो आणि फिल्मवर ते मणक्याच्या टीबीसारखं दिसू शकतं. घोटाळा आणखी वाढतो कारण रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही टीबीची औषधं ब्रुसेलोसिसमध्येही वापरतात. समजा कुणी टीबी धरून औषध सुरू केलं, तर वडिलांना थोडं बरं वाटेल आणि सगळ्यांना वाटेल निदान बरोबर होतं. उलट टीबी असताना फक्त ब्रुसेलाचा उपचार झाला तरी नुकसानच. म्हणून दोन्ही बाजू नीट तपासून मगच औषध ठरावं, हा आग्रह डॉक्टरांकडे नम्रपणे धरा. ब्रुसेलोसिस निघालाच तर उपचार साधारण सहा आठवड्यांचा आणि एकाहून अधिक औषधांचा असतो. दहाव्या दिवशी ताप जातो आणि शेतकरी माणूस गोळ्या बंद करून कामाला लागतो. मग आजार उलटतो. तुमचे वडीलही तेच करतील असं धरून चाला आणि गोळ्या मोजायची जबाबदारी आईकडे द्या.

आता गाई. तिन्ही गाईंचे रक्ताचे नमुने घ्यायचे, गाभडलेल्या दोघींचेच नव्हे. कालवडीचं वय आणि तिला लस झाली आहे का हे डॉक्टरांना सांगा, ते ठरवतील. नमुने तुमच्या भागातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घेतले जातात आणि पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतात. दवाखान्याशी संपर्क होत नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. निकालाबाबत एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: गाय गाभडल्यावर लगेच घेतलेलं रक्त निगेटिव्ह येऊ शकतं, कारण रक्तात प्रतिपिंडं दिसायला वेळ लागतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घ्यावा. तुमच्याकडे आता बरेच दिवस होऊन गेलेत, तेव्हा पहिल्याच नमुन्यात बरंच कळेल. दुधाचीही तपासणी होते.

पुन्हा एखादी गाय गाभडली तर मात्र सगळ्यांत मोलाचा नमुना म्हणजे पडलेलं वासरू आणि वार. नेमकं तेच घाईघाईने फेकून दिलं जातं. निरोगी वार पातळ, ओलसर, लालसर असते. ब्रुसेलाच्या गाभडीत ती जागोजागी चामड्यासारखी जाड लागते, तिच्यावरच्या गाठी पिवळट-तपकिरी पडलेल्या असतात आणि त्यावर चिकट, घाण स्राव असतो. हे एकदा नजरेत बसलं की विसरत नाही. तरीही डोळ्यांनी निदान करायचं नाही, कारण दुसऱ्या कारणांनीही वार अशी दिसू शकते. वासराच्या पोटातलं पाणी प्रयोगशाळेत गेलं तर जंतू मिळण्याची शक्यता चांगली असते. हे काम डॉक्टरांनीच करायचं. तुम्ही फक्त ते कुत्र्यांपासून राखून झाकून ठेवा आणि फोन करा.

आणि वार ओढायची नाही. हे वाक्य मी गोठ्यागोठ्यात सांगत आलेय आणि इथेही जरा कठोरपणेच सांगते. अडकलेली वार हाताने ओढून काढली की गाईच्या गर्भाशयाला इजा होते आणि माणूस कोपरापर्यंत जंतूंत हात घालतो. आमच्या व्यवसायातल्या लोकांना हा आजार होण्याचं मोठं कारण तेच आहे. डॉक्टर खांद्यापर्यंतचे हातमोजे घालतात, तोंड आणि डोळे झाकतात, आणि तरीही गरजेपुरताच हात घालतात. गाईला ताप नसेल तर पुष्कळदा वाट पाहणंच योग्य असतं.

गोठ्याची सफाई आता तरी करून घ्या. जिथे गाभड झाली तिथली काड, वैरण, गव्हाणीतलं उरलेलं काढून जाळा. आधी शेण-माती खरवडून काढा, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी टाका. घाणीवरच पावडर टाकली तर ती वाया जाते. जमीन मातीची असेल तर वरचा थर काढून चुना मारा. सावलीत, ओलसर जागी हा जंतू महिनोन्‌महिने टिकतो, उन्हात लवकर मरतो, तेव्हा गोठ्यात ऊन येईल तेवढं येऊ द्या. पुढे कधी वासरू किंवा वार पुरायची वेळ आली तर हात-दीड हाताचा खड्डा उपयोगाचा नाही, कुत्री उकरतात. चार-पाच फूट खोल, चुना घालून, विहीर-ओढ्यापासून लांब. हे करणाऱ्याने गमबूट, हातमोजे घालावेत, तोंडाला फडकं बांधावं आणि नंतर साबणाने अंग धुवावं. वडिलांनी स्वतः हे करू नये.

दुधाचं उत्तर सोपं आहे. तापवून उकळलेल्या दुधात हा जंतू राहत नाही. डेअरीत पाश्चरायझेशनला दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात, तेवढंही पुरतं. त्यामुळे चहा, उकळलेल्या दुधाचं दही, ताक, तूप यांना भिण्याचं कारण नाही. धारोष्ण दूध मात्र आजपासून बंद, सगळ्यांचं. गाभडलेल्या गाईचं दूध निकाल येईपर्यंत संकलन केंद्रावर मिसळू नका आणि तिचा चीक खरवसासाठी शेजारी वाटू नका. घरोघरी चीक देणं ही आपल्याकडची आपुलकीची रीत आहे, पण कच्चा चीक घेणाऱ्याच्या घरात कोण हाताळेल आणि कोण चाखून बघेल हे आपल्या हातात राहत नाही.

इथवरचं एकत्र बांधते: डॉक्टरांना गोठ्याची हकीगत लेखी द्यायची, वडिलांची ब्रुसेलाची तपासणी मागायची, तिन्ही गाईंचं रक्त द्यायचं, वार-वासराला उघडा हात लावायचा नाही, दूध उकळायचं. हे या आठवड्यात होण्यासारखं आहे. पुढचं मात्र निकालावर आणि तुमच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

गाई विकू नका असं का म्हणते? बाजारात गेलेली गाय दुसऱ्या कुणाच्या तरी गोठ्यात बांधली जाणार. तिथेही कुणाचे तरी वडील आहेत, कुणाची सून धार काढणार आहे. बहुधा तुमच्या घरात ती अशीच आली. शिवाय प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांस प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ प्रमाणे अशा रोगाचा संशय आला की मालकाने कळवायचं असतं आणि ते जनावर बाजारात न्यायचं नसतं. पण कायदा सांगून मी मोकळी होणार नाही, कारण खरा बोजा कुठे पडतो ते मला माहीत आहे. काही देशांनी ‘तपासा आणि कापा’ या मार्गाने आणि मालकाला भरपाई देऊन हा रोग आटोक्यात आणला. महाराष्ट्रात गाय कापता येत नाही. गाईवर या आजाराचा भरवशाचा उपचारही नाही. म्हणजे पॉझिटिव्ह निघालेली गाय शेतकऱ्याच्याच दावणीला राहते, वैरण खाते आणि तिचा खर्च त्याच्यावरच. हा शेतकऱ्यावरचा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. भरपाईची नीट सोय असल्याशिवाय प्रामाणिकपणे रोग कळवा असं सांगायला जीभ जड होते. तरीही सांगते, कारण दुसरा पर्याय म्हणजे हा रोग शेजारच्या गावाला विकणं.

मग पॉझिटिव्ह गाईचं करायचं काय? वेगळी बांधा, तिची गव्हाण आणि पाणी वेगळं ठेवा, धार सर्वांत शेवटी काढा. तिला वळूकडे नेऊ नका. पुन्हा भरवायची की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, कारण धोका सगळ्यांत जास्त विताना असतो. तीन गाईंचा गोठा आणि जागा असेल तर हे जमतं. जागाच नसेल, सगळ्या एका दावणीला असतील, तर निर्णय वेगळा होऊ शकतो आणि तो गोठा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सांगू नये.

कालवडीकडे लक्ष द्या. ब्रुसेलाची लस चार ते आठ महिन्यांच्या वासरांना देतात, फक्त माद्यांना. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती सरकारकडून दिली जाते, कानात बारा अंकी बिल्ला मारून नोंद होते. वय निघून गेलं की ती संधी जाते, म्हणून फोन करताना कालवडीच्या जन्माची तारीख हाताशी ठेवा. ही लस जिवंत जंतूची असते आणि टोचणाऱ्याला चुकून सुई लागली तर त्यालाही आजार होऊ शकतो. तेव्हा मेडिकलमधून आणून घरी टोचायचा विचार कुणी मनात आणू नका, आणि लस देताना कालवड घट्ट धरून ठेवा. यापुढे गाय विकत घ्याल तेव्हा आधी रक्त तपासून घ्या. आणल्यावरही महिनाभर वेगळी बांधा आणि पुन्हा तपासा. विकणारा कुरकुर करेल. कुरकुर करू द्या.

पत्नीबद्दल वेगळं लिहिते कारण त्यात ढिलाई नको. गरोदरपणात हा संसर्ग झाला तर गर्भपाताचा धोका असतो. गोठ्याची सफाई झालेली नाही, निकाल आलेले नाहीत आणि तिसरी गाय गाभण आहे असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, तेव्हा तिने त्या गोठ्याच्या आसपासही जाऊ नये. याआधीच्या महिन्यांत ती गावी जाऊन राहिली असेल, धार काढली असेल किंवा निरसं दूध घेतलं असेल, तर तिच्या डॉक्टरांना ते सांगा. ताप नसला तरी सांगा. आईंनाही तपासून घ्या, आणि गाभडलेलं वासरू उचलायला किंवा पुरायला कुणी शेजारी आला असेल तर त्यालाही निरोप द्या. त्याला ताप येऊन गेला असेल आणि त्याने तो अंगावर काढला असेल, तर त्याला कारण तुमच्याकडूनच कळणार.

हे सगळं ब्रुसेलोसिस धरून लिहिलं, पण मी पहिल्या संशयालाच चिकटून राहणार नाही आणि तुम्हीही राहू नका. गाई लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूनेही गाभडतात, क्यू ताप नावाच्या आजारानेही, आणि हे दोन्ही माणसाला लागतात. त्यांच्या तपासण्या वेगळ्या आहेत. काही कारणं फक्त गाईपुरती असतात आणि माणसाला त्यांचा काही धोका नसतो. वडिलांचा ताप शेतात चावणाऱ्या सूक्ष्म किड्यांमुळे होणाऱ्या स्क्रब टायफसचा, टीबीचा, हृदयाच्या झडपेतल्या संसर्गाचाही असू शकतो. असंही होतं की गाई पॉझिटिव्ह निघतात आणि माणसाचा ताप भलत्याच कारणाने असतो. वडील पॉझिटिव्ह आणि गाई दोनदा निगेटिव्ह आल्या, तर मी घरातल्या किंवा शेजारच्या शेळ्यांकडे वळेन. शेळ्यांकडून येणारा ब्रुसेला माणसाला जास्त त्रास देतो. तुम्ही शेळ्यांबद्दल काहीच लिहिलेलं नाही, ते कळवा.

वडिलांना समजावताना ‘गाईंनी आजार दिला’ असं म्हणू नका. त्यांनी त्या रात्री गाय वाचवायला हात घातला होता. गाई विकून टाकायची घाई भीतीपोटी आहे, आणि तपासणीची तारीख ठरली की ती बरीच कमी होते असा माझा अनुभव आहे. नमुने घ्यायला डॉक्टर येतील त्या दिवशी शक्य असेल तर तुम्ही स्वतः गावी असा. गाभडीच्या तारखा, बाजारातून आणलेल्या गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि वडिलांचे सगळे रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा. निकाल आले की इथेच लिहा, त्यावर पुढचं बोलू.